आधी पावसाळा, मग बेडरूम

आमचं घर वेंगुर्ल्याचं, जांभ्या दगडाच्या चिऱ्याचं, कौलारू. समुद्र चालत दहा मिनिटांवर. तीन वर्षांपूर्वी मागची दहा बाय बाराची खोली मॉडर्न करायला घेतली. मोबाइलवर फोटो बघून एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांचं, पांढरंशुभ्र कपाट मागवलं, पलंगामागे वॉलपेपर लावला. सुतारकाकांनी कपाटावर टिचकी मारली नि म्हणाले, "वैनी, ह्या पोह्यासारख्या फुगतला हां." गणपती येईतो दारं लागेनाशी झाली आणि वॉलपेपरखाली काळी बुरशी. दुसऱ्यांदा सगळं केलं ते असं.

आधी एक पावसाळा नुसती खोली बघा. ऑगस्टमध्ये ओल जिथवर चढते तिथे पेन्सिलीने रेघ मारा. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. त्यात नैर्ऋत्येचा वारा, त्यामुळे झड बसते ती बहुतेक पश्चिमेच्या भिंतीवर. तिचा इलाज बाहेरून: पन्हळ, पागोळी, फुटकी कौलं, गिलाव्याच्या भेगा. आतून कितीही महाग रंग मारा, फुगे येणारच. रंगकाम दिवाळीनंतर, भिंत खडखडीत वाळल्यावर.

कपाट आणि पलंगाची डोकेबाजू त्या पश्चिमेच्या भिंतीला नको. आम्ही कपाट आतल्या भिंतीला घेतलं, तरी मागे दोन इंच जागा सोडली आणि खाली चार इंचांचे पाय दिले. वारा फिरतो, केरसुणी जाते. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. लॅमिनेट आतून-बाहेरून दोन्हीकडे लावा, आणि कापलेली प्रत्येक कड बंद करून घ्या. पाणी शिरतं ते कडेनेच. माझ्या पहिल्या कपाटाची खालची कड कोरी होती, ते मला फुगल्यावर दिसलं. दारांना आडव्या झडपा ठेवल्या, त्यामुळे साड्यांना तो कुबट वास येत नाही. बिजागऱ्या, कड्या स्टेनलेस स्टीलच्या, त्यातही ३१६ ग्रेडच्या मिळाल्या तर उत्तम. खाऱ्या हवेत नेहमीच्या ३०४ ग्रेडवरही तांबूस डाग पडतात.

पलंग पाच बाय साडेसहाचा. दहा फुटी भिंतीच्या मधोमध ठेवला की दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट राहतात, चादर घालताना कसरत नाही. खाली पेटीवाला पलंग मी ठामपणे नाकारला. गादीखाली फटी सोडलेल्या फळ्या हव्यात, नाहीतर गादी खालून ओलावते. सासूबाईंचा प्रश्न, "मग गोधड्या ठेवायच्या कुठे?" रास्त होता. त्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेल्या.

फॉल्स सीलिंग करू नका. वासे आणि कौलं उघडीच ठेवली, वाशांना वाळवीचं औषध देऊन मॅट पॉलिश केलं, आणि एक काचेचं कौल बसवलं. सकाळी नऊच्या सुमाराला त्यातून उन्हाचा चौकोन पलंगाच्या पायथ्याशी पडतो. पुण्याहून आलेली भाची आधी त्याचाच फोटो काढते. रात्रीसाठी २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दोन भिंतीवरचे दिवे पुरे.

रंगाचं फार मनावर घेऊ नका: तीन भिंती मोतिया, चौथ्या, आतल्या भिंतीचा चिरा तसाच उघडा. फक्त धूळ झडू नये म्हणून वर पारदर्शक मॅट सीलर.

आता वलणी. जुलैत कपडे खोलीतच वाळतात आणि फोटोतल्या कुठल्याच बेडरूममध्ये वलणी नसते. आम्ही वाशाला कप्पी लावून बांबूची काठी टांगली आहे. दोरी सोडली की खाली, ओढली की कपड्यांसकट पंख्याच्या बाजूला वर. श्रावण सरला की ती काठी ओटीवर जाते.