फोटॉनिक स्विचमधील पॅकेटांची टक्कर सिम्युलेशनमध्ये कशी सोडवावी

नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगकडे, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेकडे, येणाऱ्या गाडीला मार्ग मोकळा नसेल, तर तिला आऊटरला उभे करता येते. फोटॉनिक स्विच डेटाची पॅकेटे प्रकाशाच्याच रूपात एका फायबरमधून दुसऱ्यात वळवतो आणि दोन पॅकेटांना एकाच वेळी एकच आउटपुट हवे असेल, तर त्यांची टक्कर होते. पण प्रकाशाच्या पॅकेटला असे उभे करता येत नाही, कारण हवे तेव्हा लिहावी आणि हवे तेव्हा वाचावी अशी प्रकाशीय रॅम व्यवहारात उपलब्ध नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात नेमके हेच विसरले जाते आणि प्रोग्राममध्ये इलेक्ट्रॉनिक राउटरची साधी रांग बिनदिक्कत लिहिली जाते.

सुरुवात हातगणिताने करावी. ४ इनपुट, ४ आउटपुट, एकच तरंगलांबी, समान लांबीचे स्लॉट (एका पॅकेटपुरते वेळेचे तुकडे) आणि ०.८ भार, म्हणजे प्रत्येक इनपुटवर स्लॉटमध्ये पॅकेट असण्याची शक्यता ०.८, घ्यावा. प्रत्येक पॅकेटला चारही आउटपुट सारख्याच शक्यतेचे मानावेत. एका इनपुटवरून एखाद्या आउटपुटसाठी पॅकेट येण्याची शक्यता ०.८ भागिले ४, म्हणजे ०.२, आणि न येण्याची १ - ०.२ = ०.८. चारही इनपुटवरून त्या आउटपुटसाठी स्लॉटमध्ये एकही पॅकेट न येण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.४१ होते, म्हणून ०.८ पैकी केवळ ०.५९ भार पुढे जातो आणि सुमारे २६ टक्के पॅकेटे गळतात. तुमच्या प्रोग्रामचे उत्तर याच्या जवळपास येत नसेल, तर पुढे जाऊ नये.

आता प्रत्येक फायबरवर ४ तरंगलांब्या ठेवून, कोणतीही तरंगलांबी कोणत्याही तरंगलांबीत बदलणारे कन्व्हर्टर जोडावेत, म्हणजे एकाच आउटपुटची चार पॅकेटे वेगवेगळ्या तरंगलांब्यांवर एकत्र जाऊ शकतात. भार तोच ठेवूनही गळती सुमारे १० टक्क्यांवर येते, आणि त्यासाठी पॅकेटला क्षणभरही थांबावे लागत नाही. म्हणूनच, कन्व्हर्टर महाग असले तरी, माझ्या मते पहिला उपाय हाच असावा.

उरलेल्या टकरींसाठी फायबरच्या डिले लाइन, म्हणजे पॅकेटला उशीर लावणारी फायबरची वेटोळी, वापरावीत. फायबरमध्ये प्रकाशाला एक मीटर कापायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. १० गिगाबिट वेगाचे १५०० बाइटचे पॅकेट १.२ मायक्रोसेकंदांचे असल्याने ते एक स्लॉट मागे ठेवायला २४० मीटर फायबरचे वेटोळे लागते. नागपूर स्थानकापासून अजनीपर्यंतच्या सुमारे ३ किलोमीटर फायबरमध्येसुद्धा अशी जेमतेम बारा पॅकेटे मावतील! शिवाय वेटोळ्यात शिरलेले पॅकेट ठरल्या क्षणीच बाहेर पडते, त्यामुळे त्याचा आउटपुट स्लॉट ते आत शिरतानाच राखून ठेवावा लागतो. पॅकेट पुन्हापुन्हा त्याच वेटोळ्यात फिरवायचे असेल, तर फेऱ्यांवर मर्यादा घालावी, कारण दर फेरीत अॅम्प्लिफायरचा गोंगाट वाढतो.

पॅकेट दुसऱ्याच मार्गाने वळवणे हा शेवटचा उपाय. कमी भारावर तो चालतो. भार वाढला की वळवलेली पॅकेटेच जाळ्यातली गर्दी वाढवतात आणि त्यांचा क्रमही बिघडतो.

स्विच निवडताना मिलिसेकंदांत हलणारे आरसे घेऊ नयेत, १.२ मायक्रोसेकंदांच्या पॅकेटसाठी नॅनोसेकंदांत उघडझाप करणारे सेमीकंडक्टर ऑप्टिकल अॅम्प्लिफायर हवेत. दहा लाखांत एक इतकी गळती दाखवायची असेल, तर किमान १० कोटी पॅकेटे चालवावीत. १० लाखांवर थांबल्यास हाती एखाददुसरी गळतीच येईल आणि आलेखावरचा तो बिंदू दर वेळी जागा बदलेल.