आत्मविश्वास येण्याची वाट पाहू नका : स्वतःवर शंका घेणाऱ्यांनी टाळाव्यात अशा चुका

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तालुक्याच्या गावोगावी आता अभ्यासिका दिसतात. राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी किंवा बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली तेथे पहाटेपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात आणि कष्टाला ती कुठेही कमी पडत नाहीत. तरीही त्यांच्याशी बोलताना एक वाक्य वारंवार कानावर येते : “सर, आधी थोडा आत्मविश्वास येऊ द्या, मग फॉर्म भरतो.” घरच्या घरी सुरू केलेला व्यवसाय वाढवू पाहणारी गृहिणी किंवा शेतात नवे पीक घेऊ पाहणारा तरुणही थोड्या वेगळ्या शब्दांत हेच बोलतो. माझ्या मते बहुतेक चुकांचे मूळ या वाक्यात आहे, कारण त्यात क्रमच उलटा झाला आहे. आत्मविश्वास कामानंतर येतो, आणि तोही थोडाथोडा, केलेल्या कामाचा पुरावा हाती येईल तसा.

तयारी पूर्ण होईपर्यंत थांबून राहणे

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये या विषयाची पायाभूत मांडणी केली. “हे काम मला जमेल” हा विश्वास माणसात चार वाटांनी येतो, असे त्यांनी दाखवले : स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते पार पाडताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था. या चारांत पहिली वाट सर्वांत बळकट आहे. सापाची तीव्र भीती असलेल्या प्रौढांवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. काही जणांनी दुसऱ्या व्यक्तीला साप हाताळताना नुसते पाहिले, तर काही जण मार्गदर्शकाच्या सोबतीने स्वतः एकेक पायरी पुढे गेले आणि शेवटी त्यांनी साप हातात घेतला. स्वतः पुढे गेलेल्यांचा विश्वास नुसते पाहणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक वाढला.

याचा व्यवहारातला अर्थ असा की पायरी इतकी लहान ठेवावी, की आज संध्याकाळपर्यंत ती पार पडावी. पोलीस शिपाई भरतीच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांसाठी 1600 मीटर धावण्याला 20 गुण आहेत. अनेक मुले महिनोन्‌महिने मैदानावर धावतात. मात्र वेळ मोजत नाहीत, कारण आकडा वाईट निघेल अशी धास्ती असते. अशा मुलाने पहिल्याच दिवशी मोबाइलवरील घड्याळ लावून पूर्ण अंतर धावावे, वेळ वहीत तारखेसह लिहावी आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच मैदानावर पुन्हा धावावे. वेळ काही सेकंदांनी जरी कमी झाली, तरी ती नोंद कोणत्याही भाषणापेक्षा जास्त धीर देते. ती कमी झाली नाही, तर निदान झोप, आहार, सराव किंवा बूट यांपैकी नेमके काय तपासायचे हा प्रश्न तरी समोर येतो.

घोकंपट्टी आणि प्रेरणादायी व्हिडिओ

रोज सकाळी आरशासमोर उभे राहून “मी यशस्वी होणारच” असे म्हणण्याचा सल्ला आता सगळीकडे मिळतो. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास आहे, त्यांना त्याने थोडे बरे वाटते. मात्र कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलट बाब दिसून आली. ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळात हलके होते, त्यांना अशी स्तुतिपर वाक्ये स्वतःशी म्हटल्यावर आधीपेक्षा अधिक वाईट वाटले. जे वाक्य मनाला पटत नाही, त्याच्याविरुद्ध मन लगेच जुने पुरावे काढून ठेवते, असे याचे स्पष्टीकरण देता येईल. त्यामुळे ज्याला अशा वाक्यांची सर्वाधिक गरज वाटते, त्यालाच त्यांचा जाच होण्याची शक्यता असते.

त्याऐवजी खरे असलेले आणि कृतीशी बांधलेले वाक्य वापरावे. “मी खूप हुशार आहे” यापेक्षा “जेवण झाल्यावर 9 वाजता अभ्यासिकेत बसलो, की पहिल्यांदा गणिताची 10 उदाहरणे सोडवीन” हे वाक्य जास्त उपयोगी आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने केव्हा, कुठे आणि काय हे आधीच ठरवून ठेवण्याच्या या पद्धतीवर दीर्घकाळ अभ्यास केला आहे. असे ठरवणाऱ्यांच्या हातून ठरलेले काम पूर्ण होण्याचे प्रमाण वाढते.

परीक्षेचा अभ्यास करणे, पण परीक्षा न देणे

ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण बाहेरून ती मेहनतीसारखी दिसते. साक्री तालुक्यातील एका मुलीची राज्यव्यवस्थेची वही मी पाहिली आहे. तिच्यात कलमे निळ्या शाईत, घटनादुरुस्त्या लाल शाईत आणि खटले हिरव्या शाईत लिहिलेले होते. शेजारी सराव प्रश्नपत्रिकांचा संच होता आणि त्याचे प्लॅस्टिकचे वेष्टन अजून फाडलेले नव्हते. विचारल्यावर ती म्हणाली, “सर, सिलॅबस एकदा पूर्ण होऊ द्या, मग सोडवते. आत्ता कमी मार्क पडले तर मन उडून जाईल.” तिला तेथेच 20 प्रश्न सोडवायला सांगितले. चुकलेल्या उत्तरांपैकी बहुतेक केंद्र-राज्य संबंध आणि आणीबाणीच्या तरतुदी या दोनच प्रकरणांतली निघाली. आपल्याला “काहीच येत नाही” असे ती समजत होती. प्रत्यक्षात तिला दोन प्रकरणे येत नव्हती, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

पुन्हापुन्हा वाचल्याने विषय ओळखीचा वाटू लागतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजून बसतो. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले, की पाच मिनिटांनी विचारले तर फेरवाचन करणारे पुढे असतात; आठवड्यानंतर विचारले तर स्वतःची चाचणी घेतलेल्यांना जास्त आठवते. म्हणून सराव प्रश्नपत्रिकेकडे शिकण्याचे साधन म्हणून पाहावे आणि ती अभ्यास अपुरा असतानाच सोडवायला घ्यावी.

निकालाचे वाचनही नेमके असावे. राज्यसेवा पूर्व परीक्षेत दुसऱ्या पेपरला, म्हणजे उतारे आणि अंकगणिताच्या कल चाचणीला, 33 टक्के, म्हणजे 200 पैकी 66 गुण मिळवणे आवश्यक असते. ते न मिळाल्यास पहिल्या पेपरात कितीही चांगले गुण असले तरी उमेदवार बाद होतो. असा बाद झालेला मुलगा घरी जाऊन “माझी ती कुवतच नाही” असे सांगतो. वास्तविक त्याला उताऱ्यांचे वाचन वेगाने करता आले नाही किंवा अंकगणिताला वेळ उरला नाही. अपयशानंतर आठवडाभरात कारण एका वाक्यात लिहून काढावे, आणि त्या वाक्यात “मी असाच आहे” या अर्थाचा एकही शब्द येऊ देऊ नये.

बोलीची लाज

खान्देशातील मुलांच्या शंकेचा हा विशेष भाग आहे आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. घरात अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी बोलणारे मूल पुण्याच्या वर्गात जाते, तेथे त्याच्या तोंडून “पाणी”ऐवजी “पानी” किंवा “डोळा”ऐवजी “डोया” निघते, कोणीतरी हसते आणि त्या दिवसापासून ते प्रश्न विचारणेच बंद करते. नुकसान उच्चाराने होत नाही, गप्प राहण्याने होते. न विचारलेली शंका तशीच साठत जाते आणि काही महिन्यांनी तिचेच नाव “मला जमत नाही” असे होते.

प्रमाण मराठीचे उच्चार सुधारायचे असतील तर उपाय साधा आहे : रोज दहा मिनिटे वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचावा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि ऐकावा. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. परंतु ती सुधारणा होईपर्यंत बोलणे थांबवू नये. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देण्याची मुभा असते, हे अनेकांना ठाऊक नसते. शिवाय नंदुरबारच्या आदिवासी भागातील धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या आरोग्य केंद्रात रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारी परिचारिका जे काम करते, ते इतर कोणाला सहज साधत नाही. ही पात्रता आहे, आणि मुलाखतीत ती तशीच सांगितली पाहिजे.

फार दूरचा आदर्श

साक्री तालुक्यातील सामोडे येथे भिल्ल समाजातील गरीब घरात वाढलेले राजेंद्र भारुड डॉक्टर झाले, भारतीय प्रशासन सेवेत आले आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. हे उदाहरण या भागातील प्रत्येक मुलाला माहीत असावे. पण मोठ्या यशाकडे नुसते पाहत राहिले, की मधल्या पायऱ्या दिसेनाशा होतात. दुसऱ्याचे उदाहरण तेव्हाच धीर देते, जेव्हा तो माणूस आपल्यासारखा वाटतो. म्हणून आपल्याच गावातला, आपल्याच महाविद्यालयातला, दोन वर्षे पुढे असलेला कोणी शोधावा आणि त्याला अंतिम निकालाऐवजी पहिल्या अपयशाविषयी, तेव्हाच्या गुणांविषयी आणि त्यानंतर त्याने बदललेल्या गोष्टींविषयी विचारावे.

लोकांच्या नजरेचा हिशेब

कॉर्नेल विद्यापीठातील गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाव हिश्श्याच्या आसपास लोकांच्याच लक्षात तो आला होता. अर्थात गाव म्हणजे अनोळखी लोकांची खोली नव्हे. पारावर आणि लग्नकार्यात “काय झालं रे तुझ्या निकालाचं?” असे विचारले जातेच. त्यासाठी एक उत्तर आधीच ठरवून ठेवावे, जसे “काका, पुढची परीक्षा देतोय, निकाल लागला की सांगेन,” आणि विषय तेथेच थांबवावा.

आपल्या कामाची किंमत कमी लावणे

शंका फक्त परीक्षेतच दिसते असे नाही. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करणाऱ्या बाईचे काम जवळून पाहावे : ज्वारी भिजवून आंबवायची, दळायची, तीळ-लसूण घालून मोठ्या पातेल्यात हात दुखेपर्यंत घोटत शिजवायची, कडक उन्हात कापडावर एकेक थापायची आणि वाळल्यावर न मोडता सोडवायची. एवढे झाल्यावर गिऱ्हाईक दाराशी आले, की ती म्हणते, “घरचंच आहे ताई, द्यायचं ते द्या.” मग पैसे कमी येतात, आणि कमी पैसे आले म्हणून आपला माल साधाच आहे ही तिची समजूत पक्की होते. ज्वारी, तीळ, जळण, पिशवी आणि स्वतःच्या तासांची मजुरी असा हिशेब लिहून त्यावर नफा धरावा, दर कागदावर लिहून लावावा आणि गिऱ्हाइकाने घासाघीस केली तरी पहिला महिनाभर तो बदलू नये. दर मागण्याची सवय दर मागूनच होते.

जी शंका खरी नसते, आणि जी खरी असते

“मला जमणार नाही” याचा अर्थ कधीकधी “खोलीचे भाडे परवडणार नाही” एवढाच असतो. अशा वेळी मनावर काम करणे व्यर्थ आहे. पैशाची सोय शोधली पाहिजे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून भोजन, निवास आणि शैक्षणिक साहित्याचा खर्च थेट बँक खात्यात जमा होतो. त्याची चौकशी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात करावी. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक बिघडलेली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ती आत्मविश्वासाची बाब राहिलेली नाही. 14416 हा शासनाचा टेली-मानस क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो. तेथे मराठीतूनही बोलता येते.

शेवटी एक अवघड गोष्ट. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 वर्षे आहे. एवढी मुदत असल्यामुळे थांबण्याची भीती वाटणारा माणूसही वर्षानुवर्षे तयारीत राहू शकतो, आणि त्या भीतीला तो जिद्द म्हणतो. म्हणून तयारी सुरू करतानाच, मन शांत असताना, किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या सराव गुणांपर्यंत कधी पोहोचायचे हे लिहून ठेवावे, तो कागद घरातल्या एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावा आणि त्या काळात उत्पन्न देणारे दुसरे एखादे कौशल्य शिकत राहावे. ठरलेली तारीख आली, की निर्णय त्या दिवशीच्या मनःस्थितीवर न सोपवता वहीतल्या गुणांच्या नोंदी आणि तो कागद शेजारी ठेवून घ्यावा.