रक्तस्रावानंतरची सलाईन आणि किडनी: या चुका टाळा

रात्री अडीचला लेबर रूममधून फोन येतो. बाळंतीण पांढरीफटक पडलीय, पॅडवर पॅड भिजतायत, वरचं बीपी 70 आणि ब्लड बँक 40 किलोमीटरवर. अशा वेळी कुणीतरी कपाटातून स्टार्चची बाटली काढतं. ‘सर, याने बीपी पटकन येतं.’ येतं, खोटं नाही. पण किडनीचा घात इथूनच सुरू होऊ शकतो.

हायड्रॉक्सीइथाइल स्टार्च हे मका किंवा बटाट्याच्या स्टार्चपासून बनवलेलं कोलॉइड, म्हणजे मोठ्या रेणूंचं शिरेतून द्यायचं द्रव. म्हणून रक्तवाहिनीत टिकतं. आरएलच्या (रिंगर लॅक्टेट, क्षारांचं सलाईन) तीन बाटल्यांचं काम एक बाटली करते, असं आम्हाला शिकवलं होतं. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 7,000 आयसीयू पेशंटच्या अभ्यासात (2012) स्टार्च आणि साधं सलाईन यांच्या मात्रेत फारसा फरक पडला नाही. किडनीला आधार देण्यासाठी डायलिसिससारखे उपचार मात्र स्टार्चवाल्यांत शंभरात 7 जणांना लागले, सलाईनवाल्यांत 5.8. हे स्टार्च किडनीच्या नलिकांच्या पेशींत साठून बसतं, शिवाय रक्त गोठण्यातही अडथळा आणतं. म्हणजे वाहत्या रक्तात तेल! अमेरिकेने 2013 मध्ये ठळक इशारा छापायला लावला, युरोपने 2022 मध्ये परवानाच स्थगित केला. तुमच्या कपाटात अजून असेल तर आजच इंचार्ज सिस्टरशी बोला.

दुसरी चूक तितकी ढोबळ नाही. स्टार्च नको म्हणून एनएसच्या (नॉर्मल सलाईन, नुसत्या मिठाचं पाणी) बाटल्यांवर बाटल्या. एनएसमध्ये क्लोराइड लिटरला 154 मिलिमोल, आपल्या रक्तात साधारण 100, आरएलमध्ये 109. जादा क्लोराइडने किडनीकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. एका बाटलीने आभाळ कोसळत नाही. मोठ्या अभ्यासांचे निकालही एकमुखी नाहीत. पण लिटरवर लिटर द्यायची वेळ आली तर मी आरएलच घेतो. डोक्याला मार असेल तर मात्र एनएस.

‘क्रिएटिनिन वाढलंय, आरएलमध्ये पोटॅशियम असतं, बंद करा’ हे राउंडला हमखास ऐकू येतं. (क्रिएटिनिन म्हणजे किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक.) आरएलमध्ये पोटॅशियम लिटरला 4 मिलिमोल, म्हणजे रक्तात असतं तेवढंच. उलट एनएसने आम्लता वाढली की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. रक्ताच्या पिशवीच्या लाइनला मात्र आरएल जोडू नका; त्यातल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होऊ शकतात.

आता युरोबॅग, म्हणजे लघवी जमा होणारी पिशवी. 50 किलोच्या बाईला तासाला निदान 25 मिली लघवी हवी. ती थांबली की लॅसिक्सची (लघवी वाढवणारं इंजेक्शन) ॲम्प्यूल फोडायची घाई होते. थांबा. आधी नळी बघा. एकदा अर्धा तास आम्ही सगळे काळजीत होतो आणि नळी पलंगाच्या कठड्यात दुमडलेली निघाली. नळी ठीक असेल तर बाई अजून रिकामी आहे का, म्हणजे रक्तवाहिन्यांत द्रव कमी आहे का, आत कुठे रक्त जातंय का, ते शोधा. रिकाम्या टाकीचा नळ सोडून पाणी येत नसतं. लॅसिक्सने थोडी लघवी आली तरी असलेलं पाणीही जातं.

सगळ्यात महागात पडते ती रक्त मागवायला केलेली दिरंगाई. लिटरभर सलाईन गेलं आणि बीपी टिकत नाही, तर तिसऱ्या बाटलीची वाट बघू नका. खरं तर फोन पहिल्या बाटलीबरोबरच जायला हवा. नुसत्या पाण्याने रक्त पातळ होतं, गोठत नाही, आणि किडनीला ऑक्सिजनही मिळत नाही. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड 1 ग्रॅम सावकाश शिरेतून, तेही पहिल्या 3 तासांतच. गर्भाशय आकसवण्याचं काम सोबत चालूच.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, ते वाढायला 24 ते 48 तास लागतात. रेफर करताना चिठ्ठीवर कोणती बाटली, किती, आणि दर तासाची लघवी एवढं लिहा. ‘आयव्ही फ्लुइड्स दिले’ यावरून पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही.