मटणाच्या दुकानात काम शिकायचं असेल तर: कोल्हापूरचा अनुभव

हल्ली बरीच तरुण मुलं विचारतात की मटण शॉप टाकायचंय, कटिंग कुठे शिकायला मिळेल, काही कोर्स वगैरे आहे का. कोर्स आहेत, हैदराबादला आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, मांसावर संशोधन करणारी संस्था आहे तिथे ट्रेनिंग होतात आणि स्वच्छता, पॅकिंग, कोल्ड स्टोरेज यासाठी ते चांगलंच आहे. पण आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला जे लागतं ते जुन्या दुकानात मटण तोडायच्या लाकडी ओंडक्यासमोर उभं राहूनच कळतं असं माझं स्पष्ट मत आहे. मी कॉलेजात असताना कोल्हापुरात एका जुन्या दुकानात हाताखाली लागलो आणि नंतर पुण्यात काम केलं, आमच्या घरात हा धंदा कुणाचाच नव्हता, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला काय काय शिकावं लागतं ते मला नीट माहितीय.

आधी गिऱ्हाईक म्हणून जे बघितलं ते सांगतो, कारण अर्धं शिक्षण तिथेच झालं. रविवारी सकाळी आजोबा स्टीलचा झाकणाचा डबा घेऊन निघायचे आणि मला सोबत न्यायचे. आजोबा दुकानात कधी नुसतं "एक किलो द्या" म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "सहा माणसं हाईत, तांबडा-पांढरा करायचाय आणि थोडं सुक्कं, त्या हिशोबानं घाला मामा." आणि मामा एक शब्द न विचारता मान, सीना म्हणजे छातीचं, नळ्या रश्शासाठी आणि चाप म्हणजे बरगडीचे तुकडे, मांडीचं थोडं सुक्क्यासाठी असं वेगवेगळं तोडायचे, वर दोन तुकडे कलेजी. हे बघून मला लहानपणीच कळलं की समोरचा माणूस मटण घ्यायला नाही, रविवारचं जेवण घ्यायला आलेला असतो. नवीन मुलांनी पहिली गोष्ट हीच डोक्यात घ्यावी.

आजोळी गावात तर दुकानच नव्हतं, वाटे पडायचे. चार-पाच घरं मिळून बोकड घ्यायची, मुलाणी, म्हणजे गावात जनावर कापणारा मुस्लिम बलुतेदार, येऊन कापायचा, आणि मग पळसाच्या पानांवर नाहीतर धुतलेल्या पोत्यावर सारखे ढीग लावले जायचे. प्रत्येक वाट्यात मांडीचं थोडं, बरगडीचं थोडं, कलेजीचा तुकडा, चरबी, हाड सगळं आलंच पाहिजे. मुलाण्याला त्याचा ठरलेला मान मिळायचा तो वेगळा. वाटे लावणारा माणूस गावात एखादाच असायचा कारण कुणाला कमी-जास्त झालं की वर्षभर बोलणं ऐकावं लागणार, आणि तो वजनकाट्याशिवाय नुसत्या नजरेनं इतके सारखे ढीग लावायचा की भांडायला जागाच राहायची नाही. शहरातल्या दुकानात काटा आला तरी मूळ हिशोब तोच आहे, प्रत्येकाला सगळ्यातलं थोडं थोडं मिळालं पाहिजे. ओळखीच्याला सगळी मांडी आणि अनोळखी माणसाला सगळी हाडं असं करणारं दुकान टिकत नाही.

आता कामाचं. पहिले काही महिने तुमच्या हातात सत्तूर, म्हणजे हाड तोडायचं जड पातं, कुणी देणार नाही आणि देऊही नये. झाडलोट, मटण टांगायचे आकडे धुणं, मुंडी-पाय भाजून खरवडणं, वजडी म्हणजे पोट-आतडी साफ करणं हे तुमचं काम. वजडी गरम पाण्यात चुना लावून चोळायची, वरची काळी साल निघून आतलं पांढरं दिसेपर्यंत, आणि मग भरपूर पाण्यात धुवायची. याला वास येतो, पहिल्या आठवड्यात घरी गेल्यावर जेवण जात नाही, नंतर सवय होते. कंटाळून सोडून जाणारी मुलं इथेच जातात. पण जो वजडी, मुंडी, पाया, भेजा, रक्ती (रक्त) मनापासून हाताळतो त्याला जनावर आतून कळतं, कोणती कलेजी चांगली, कुठे गाठ दिसली तर ते बाजूला काढायचं, फुफ्फुस कसं असलं तर शंका घ्यायची. कोल्हापुरात रक्ती-मुंडीला खास गिऱ्हाईक असतं आणि ते लोक फार चोखंदळ असतात. शिवाय दुकानाचं गणितही याच्यावरच उभं असतं, ते पुढे येतंच.

ओंडका चिंचेचा. चिंचेचं लाकूड चिवट असतं, सत्तूर बसला तरी भुसा कमी सुटतो. रात्री दुकान बंद करताना तो धारेच्या पात्यानं खरवडून, मीठ चोळून ठेवायचा, हे रोज, थकला असला तरी. हल्ली नायलॉनचे बोर्ड आलेत, धुवायला सोपे आहेत, तपासणीला आलेल्या माणसालाही ते आवडतात, पण हाड तोडायला मला अजून ओंडकाच बरा वाटतो कारण घाव बसल्यावर हात उसळत नाही. सुऱ्या दोन तरी लागतात, एक लहान निमुळती हाड सोडवायला आणि एक लांब मांसासाठी. धार लावायची गोल सळई कमरेलाच असते आणि दर थोड्या वेळानं दोन-चार हात मारून घ्यायचे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते, बोटं तेव्हाच कापतात. डाव्या हाताला स्टीलच्या जाळीचा ग्लोव्ह मिळतो तो घ्याच, जुने लोक घालत नाहीत म्हणून तुम्हीही घालू नये असं काही नाही. हाताला जखम असेल तर उघड्या हातानं आतडी-कोथळा हाताळू नका, शेळ्या-मेंढ्यांपासून माणसाला ब्रुसेलोसिस होतो, महिनोन् महिने ताप येत-जात राहतो, आणि डॉक्टरला आपण काय काम करतो ते सांगितलं नाही तर निदानाला उशीर होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

तोडणं शिकताना सांधा शोधायला शिका. नवशिका सगळीकडे सत्तूरच मारतो, मग हाडाचा चुरा होतो, तो रश्शात जातो आणि घरी कुणाच्या तरी दाताखाली येतो. फरा म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय, तो सोडवायला हाडावर घाव लागतच नाही, नुसती सुरी फिरवली की तो मोकळा होतो. मांडीचा सांधा बोटानं चाचपडून सापडतो. सत्तूर लागतो तो कण्याला, चापांना, नळीला, आणि तिथे एकच घाव, दुसरा त्याच जागी पडला नाही की चुरा. नळी अशी तोडायची की आतला मगज सांडला नाही पाहिजे आणि ताटात आपटल्यावर बाहेरही आला पाहिजे, लहान पोरं त्यावरनं भांडतात. बिर्याणीला मांडी आणि फऱ्याचे मोठे तुकडे हाडासकट, रश्शाला मान आणि सीना, सुक्क्याला चाप, खिम्याला मांडी किंवा फऱ्याचं बिनहाडाचं थोड्या चरबीसकट. खिमा मशीनवर झटकन होतो पण दोन सत्तुरांनी हातानं केलेला दाणेदार राहतो, मशीनचा लगदा होतो, जो माणूस थांबायला तयार आहे त्याला हातानंच करून द्या. बाळंतीण, हाड मोडलेला माणूस, म्हातारी माणसं यांच्यासाठी पाया मागायला लोक येतात, तो नीट भाजून बारीक तोडून द्यायचा, त्यांच्या घरी कुणाला ते जमत नाही.

कितीही हात बसला तरी खरा खाटीक बाजारात ठरतो, जिवंत जनावर घेताना. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीसारख्या आठवडा बाजारात मालकासोबत जायला मिळालं तर झोप सोडून जा. आधी दात बघायचे, दुधाचे आहेत का दोन दाती, म्हणजे पुढचे दोन मोठे दात आलेले, वय साधारण सव्वा-दीड वर्ष, हे मटणाला उत्तम. आठ दाती म्हणजे जनावर जुनं, शिजायला वेळ. मग कमरेवर, बरगडीच्या मागे हात दाबायचा, कण्याची हाडं टोचली तर अंगात मांस नाही. पोट फुगलेलं दिसलं तर पाणी पाजून आणलंय का बघायचं, ते वजन तुम्ही विकत घेणार आणि दुकानात ते सांडणार. जुने व्यापारी अजून रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात, शेजारच्याला भाव कळू नये म्हणून, बोटांचा हिशोब मालकाकडून शिकून घ्या. आपल्याकडे उस्मानाबादी, काळी तुकतुकीत, हिचं मटण मला सगळ्यात आवडतं, मग संगमनेरी, कोकणात कोकण कन्याळ, विदर्भात बेरारी, आणि मेंढीत दख्खनी आणि जतकडची माडग्याळ.

वजनाचं गणित असं की वीस किलोच्या बोकडातनं मटण निघतं साडेनऊ-दहा किलोच्या आसपास, म्हणजे निम्म्याच्या थोडं आत-बाहेर. बाकी मुंडी, पाय, वजडी, कलेजी, कातडं. कातड्याला पूर्वी पैसे यायचे, आता फार काही येत नाही. त्यामुळे बाजारात जनावर महाग झालं की दुकानातला दर वाढवावा लागतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं खाटीक लुटतोय. २०१९ च्या शेवटी कोल्हापुरात दर पाचशेच्या पुढे गेला तेव्हा लोक आंदोलनाला उतरले, दुकानं बंद राहिली, प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. गिऱ्हाइकाचा राग मला पटतो, रविवारचं मटण हा कोल्हापुरात चैनीचा विषय नाही, ते घरातलं हक्काचं जेवण आहे. पण खाटकाची बाजूही तितकीच खरी होती आणि ती समजावून सांगता येणं हा या कामाचाच भाग आहे. गिऱ्हाइकानं विचारलं तर चिडू नका, हिशोब सांगा.

विश्वासाच्या काही खुणा जुनी दुकानं अजून पाळतात. धड टांगताना शेपटी काढत नाहीत, शेळीवर्गातली शेपटी आखूड आणि वर वळलेली, मेंढीची खाली लोंबणारी, लांबूनच कळतं. बोकड आहे हे दिसावं म्हणून कपुरे म्हणजे वृषण तसेच ठेवतात. मांडीवर कत्तलखान्यातल्या तपासणीचा शिक्का असतो, तो पुसू नका, उलट दिसेल असा ठेवा. पुण्यात बोल्हाईच्या मटणाची वेगळी दुकानं आहेत, वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी घरं बकऱ्याचं खात नाहीत, फक्त मेंढीचं खातात, त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, तिथे एका सुरीची सरमिसळसुद्धा चालत नाही. कुणी हलाल आहे का विचारलं, कुणी झटका आहे का विचारलं, जे असेल ते खरं सांगायचं. आमच्या दुकानात मालक खाटीक समाजाचे आणि कापायला पिढ्यान् पिढ्या एकाच मुलाणी घरातली माणसं, दोन्ही धर्मांचं गिऱ्हाईक एकाच रांगेत उभं असायचं.

मटण ताजं म्हणजे किती ताजं हेही लोक विचारतात. कापल्यावर काही तासांत मांस आखडतं, तशात शिजवलं तर चिवट लागतं. म्हणून एकतर सकाळी घेऊन लगेच चुलीवर चढवा, आपली जुनी पद्धत तीच आहे, नाहीतर फ्रीजमध्ये एक दिवस ठेवून मग करा, परत मऊ पडतं. दुपारी एक वाजता येऊन संध्याकाळी करणाऱ्याला हे आधीच सांगितलं की तो पुढच्या वेळेला तुमच्याकडेच येतो.

वर्षाचं चक्र लक्षात ठेवा. सोमवार, गुरुवार थंड, शनिवार बऱ्याच घरांत वर्ज्य, बुधवार-शुक्रवार बरे, रविवारी पहाटेपासून रांग. धुळवडीला आणि खंडेनवमीला मान वर करायला वेळ मिळत नाही. आखाडात कोल्हापुरात गल्लीगल्लीच्या त्र्यंबोलीच्या यात्रा निघतात, पी ढबाक वाद्यं वाजत असतात, नदीचं नवं पाणी देवीला वाहतात आणि मग जेवणावळी, तेव्हा दुकानात चार हात जास्त लागतात. बकरी ईदला कापणाऱ्यांची इतकी टंचाई असते की हात बसलेला माणूस मागेल तेवढी मजुरी घेतो. गांधी जयंती, महावीर जयंती वगैरे दिवशी महापालिका दुकानं बंद ठेवायला सांगते, तो आदेश पाळा.

घरचे आणि नातेवाईक सुरुवातीला नाकं मुरडतात. आमच्याकडेही झालं, लग्नाच्या वेळेला स्थळांनी विचारलं. मी दरवेळी सरळ सांगितलं की हे कसबाचं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, आणि जे विचारत होते त्यांच्याच घरी पाहुणे आले की आमच्या दुकानातनं डबा जायचा.

स्वतःचं दुकान टाकणार असाल तर महापालिकेचा परवाना, अन्नसुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय, काचेचं दार किंवा जाळी हे आधी करा, सामान नंतर घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का दरवर्षी लागतो. मेलेलं किंवा आजारी जनावर कितीही स्वस्तात मिळालं तरी घ्यायचं नाही, कुणी कितीही जवळचा असो.

आणि कामाला कधी लागायचं हे विचारलंत तर माझं उत्तर श्रावणात. सगळे आखाडात जातात कारण तेव्हा माणसं लागतात, पण त्या गर्दीत तुम्ही नुसतं धुणं आणि पिशव्या भरणं करणार, तुमच्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते. श्रावणात हॉटेलं आणि मुस्लिम गिऱ्हाईक सोडलं तर दुकान निवांत असतं, मालक खुर्ची टाकून बसलेला असतो, पगार थोडा कमी मिळेल पण तो तुम्हाला फरा समोर ठेवून सांधा कुठे आहे ते बोटानं दाखवेल, आणि गणपती होऊन नवरात्राच्या शेवटी खंडेनवमीची गर्दी येईपर्यंत तुम्ही गल्ल्याशेजारच्या छोट्या ओंडक्यावर उभं राहण्याइतके तयार झालेले असाल.