जबड्याचा सांधा दुखतो तेव्हा

कानात ठणका लागावा आणि तपासणीत कान निर्दोष निघावा, दाढ दुखते म्हणून एक्स-रे काढावा आणि दाढही ठीक असावी, असे झाले की जबड्याच्या सांध्याचा विचार करावा. हा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. तेथे बोट ठेवून तोंड उघडले-मिटले की त्याची हालचाल जाणवते. सांध्यातील मऊ चकती जागेवरून सरकली की तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो, पण दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर नुसत्या आवाजासाठी उपचार लागत नाहीत.

पुष्कळदा खरे दुखणे स्नायूंचे असते. चावण्याचा एक मोठा स्नायू कानशिलावर पसरलेला असल्यामुळे दात आवळण्याची सवय डोकेदुखीच्या रूपाने प्रकट होते. झोपेत दात खाण्याबद्दल सारेच बोलतात. दिवसा काम करताना किंवा गाडी चालवताना नकळत आवळलेल्या दातांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सुधारणेची सुरुवात तेथूनच व्हावी. चावणे आणि गिळणे सोडले, तर वरचे व खालचे दात एकमेकांना टेकण्याचे कारण नाही. ओठ मिटलेले, दात विलग आणि जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकलेली, ही विश्रांतीची स्थिती दर तासाला आठवून तपासावी.

दुखणे ताजे असताना मऊ भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी असे अन्न घ्यावे. ऊस, चिक्की, च्युइंगम टाळावे आणि पेरूच्या लहान फोडी कराव्यात. कोमट ओल्या फडक्याने 15 ते 20 मिनिटे शेकावे. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे जबडा फार उघडत नाही.

तोंड किती उघडते हेही पाहावे. स्वतःची तीन बोटे उभी आत जात असतील, तर ते साधारणपणे पुरेसे समजतात. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले आणि तिखटाने आग होऊ लागली, तर सांध्याला दोष देत बसू नये. तोंडातील अस्तर ताठ होण्याचा हा विकार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, म्हणून दंतवैद्याला लगेच दाखवावे.

जबड्याबरोबर छातीत दुखणे, घाम किंवा धाप असेल, तर हृदयविकाराची शक्यता धरून 108 वर फोन करावा. पन्नाशीनंतर कानशिलात नव्याने दुखू लागले, चावताना जबडा थकू लागला आणि दृष्टी अंधुक झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तोंड उघडेच अडकले, तरी घरी ओढाताण करू नये.

एरवी काही आठवड्यांत उतार न पडल्यास दंतवैद्याकडे जावे. दातांच्या मापाने बनवलेली, दातांवर बसवायची पट्टी आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम यांचा उपयोग होऊ शकतो. मात्र सांधेदुखीसाठी निरोगी दात घासून कमी करून घेण्यास किंवा काढण्यास घाईने होकार देऊ नये, कारण ते पूर्ववत होत नाही. जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्यावी: उठताच दुखत असेल तर रात्री दात खाण्याचा, आणि संध्याकाळी वाढत असेल तर दिवसभर दात आवळण्याचा संशय येतो.