कोडिंग टेस्ट आणि इंटरव्ह्यू: कोड लिहायच्या आधी काय करायचं

टेस्ट सुरू झाली की घड्याळ बघून हात लगेच कीबोर्डवर जातात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात.

पहिली पायरी, प्रश्नाखालच्या मर्यादा वाचा. n, म्हणजे इनपुटमधल्या आकड्यांची संख्या, किती मोठा असू शकतो ते तिथे दिलेलं असतं, बरेच जण वाचतच नाहीत. समजा n १ लाखापर्यंत आहे आणि तुम्ही लूपमध्ये लूप लावला, म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी पुन्हा सगळे आकडे बघितले, तर १००० कोटी स्टेप्स झाल्या, आणि सेकंदाला ढोबळ १० कोटी धरल्या तरी तो कोड टाइम लिमिटमध्ये बसत नाही. सॉर्ट करून, म्हणजे आकडे क्रमाने लावून, काम झालं तर तेच साधारण १७ लाखांवर येतं. पण n हजारच असेल तर डबल लूप बिनधास्त लावा, उगाच डोकं खाजवत बसू नका.

दुसरी पायरी, आधी साधं उत्तर सांगा, मग सुधारा. उदाहरणार्थ ॲरेमधल्या, म्हणजे आकड्यांच्या यादीतल्या, कुठल्या दोन आकड्यांची बेरीज टार्गेटएवढी होते ते शोधायचंय. सगळ्या जोड्या तपासणं हे साधं उत्तर, ते तोंडाने सांगून टाका. मग हॅशमॅप घ्या (त्यात टाकलेला आकडा झटकन सापडतो), प्रत्येक आकड्याला बघा की टार्गेटमधून हा वजा केल्यावर जो उरतो तो आधी येऊन गेलाय का, नसेल तर हा मॅपमध्ये टाकून पुढे जा. क्रम महत्त्वाचा आहे हां! आधी टाकलात आणि मग शोधलात तर टार्गेट ६ असताना एकटा ३ स्वतःशीच जोडी लावतो आणि उत्तर चुकतं.

इंटरव्ह्यू असेल तर हे सगळं बोलत बोलत करा. समोरच्याला तुमच्या डोक्यातलं दिसत नाही, तुम्ही दहा मिनिटं गप्प बसलात तर त्याला हिंट तरी कुठे द्यायची ते कसं कळणार? अडकलात तर "इथपर्यंत जमलंय, पुढे हे दोन रस्ते दिसतायत" असं सरळ सांगा, आणि हिंट मिळाली की ती धरून पुढे जा, त्यात कमीपणा काही नाही.

कोड झाला की लगेच सबमिट करू नका. रिकामा ॲरे, एकच आकडा, सगळे सारखे, निगेटिव्ह, एवढं हाताने चालवून बघा, कारण लपवलेल्या टेस्ट केसेस नेमक्या अशाच असतात. निगेटिव्हही मावणाऱ्या ३२ बिटच्या इंटिजरमध्ये (पूर्णांकात) २१४,७४,८३,६४७ च्या वर आकडा मावत नाही हेही लक्षात असू द्या. बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी अर्धा भाग सोडून शोधणं) मधली जागा काढायला लो आणि हाय या दोन टोकांची बेरीज करून दोनने भागायची आपली सवय असते, पण ती बेरीजच ओव्हरफ्लो होऊ शकते, म्हणजे त्या मर्यादेबाहेर जाऊ शकते. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत (तयार कोडमध्ये) ही चूक कित्येक वर्षं होती आणि २००६ मध्ये त्यावर जाहीर लिहिलं गेलं, त्यामुळे तुमच्याकडून झाली तर खचून जाऊ नका, फक्त हायमधून लो वजा करा, त्याचं अर्धं करा आणि ते लोमध्ये मिळवा.

रेझ्युमेमध्ये तेवढंच लिहा ज्यावर अर्धा तास बोलता येईल. हाच डेटाबेस का घेतला, काय बिघडलं, कसं शोधलं, हे विचारतातच.

आणि इंटरव्ह्यू संपला की त्याच दिवशी सगळे प्रश्न लिहून काढा आणि जो सुटला नाही तो त्याच रात्री सोडवा, दोन दिवसांनी तो नीट आठवत पण नाही.