एक्सेलमधला वर्णनात्मक सांख्यिकीचा तक्ता: कुठे चुकतो आणि दुरुस्त कसा करायचा

सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन असे आकडे एकत्र देणारा हा तक्ता तयार झाला की आधी सरासरी पाहू नका. आधी तळाजवळची ‘काउंट’ची, म्हणजे नोंदींच्या संख्येची ओळ पाहा, मग ‘मिनिमम’ आणि ‘मॅक्झिमम’. प्रबंधासाठी किंवा सर्वेक्षणासाठी केलेल्या तक्त्यांमधल्या बहुतेक चुका या तीन ओळींतच सापडतात.

हा तक्ता ज्यातून निघतो ते ‘डेटा ॲनालिसिस’ हे बटणच ‘डेटा’ टॅबवर दिसत नसेल, तर टूलपॅक, म्हणजे असे तक्ते करून देणारं एक्सेलचं जोड-साधन, चालू केलेलं नाही. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स असं जा. खाली ‘मॅनेज’मध्ये ‘एक्सेल ॲड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबा आणि ‘ॲनालिसिस टूलपॅक’वर टिक करा. मॅकवर हेच ‘टूल्स’ मेनूत सापडतं. ब्राउझरमधल्या आणि मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये हे टूलपॅक नसतं.

त्यानंतर हमखास भेटणारा निरोप म्हणजे ‘इनपुट रेंज कन्टेन्स नॉन-न्युमरिक डेटा’. याचं सगळ्यात साधं कारण असं, की निवडलेल्या भागात शीर्षकाची ओळ आहे, पण ‘लेबल्स इन फर्स्ट रो’वर टिक नाही. उलटी चूक जास्त घातक आहे. शीर्षक नसताना टिक राहिली, तर पहिला आकडाच शीर्षक समजला जातो आणि 120 नोंदींचा काउंट 119 येतो. तेव्हा एक्सेल काहीच बोलत नाही.

शीर्षक ठीक असूनही निरोप येत असेल, तर कॉलममध्ये आकड्यासारखा दिसणारा मजकूर आहे. फॉर्ममधून आलेल्या उत्तरांत ‘5 वर्षे’ किंवा ‘अडीच हजार’ असं लिहिलेलं असतं. वेबवरून कॉपी केलेल्या आकड्यांना न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली असते. देवनागरी आकडे टाइप झाले असतील तर तो कॉलम मुद्दाम तपासा. टूलपॅक निदान थांबतं तरी. तक्ता ‘ॲव्हरेज’च्या सूत्राने केला असेल तर सूत्र असे सेल गुपचूप वगळतं आणि उरलेल्यांची सरासरी देतं.

हे सेल डोळ्यांनी शोधत बसू नका. कॉलम निवडा, ‘होम’मधल्या ‘फाइंड अँड सिलेक्ट’मधून ‘गो टू स्पेशल’ उघडा, ‘कॉन्स्टंट्स’ निवडा आणि खालच्या पर्यायांत फक्त ‘टेक्स्ट’वर टिक ठेवा. मजकूर असलेले सगळे सेल एकदम निवडले जातील. त्यात शीर्षकही येईल, ते सोडून द्या. नुसते आकडे मजकूर म्हणून साठले असतील, तर कॉलम निवडून ‘डेटा’मधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि थेट ‘फिनिश’ दाबा. वेबवरून आलेली मोकळी जागा ‘ट्रिम’ने जात नाही. ती एका सेलमधून कॉपी करून ‘फाइंड अँड रिप्लेस’च्या वरच्या चौकटीत पेस्ट करा, खालची चौकट रिकामी ठेवा आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबा. ‘अडीच हजार’ मात्र हातानेच 2500 करावं लागतं.

आता मॅक्झिमम. पाच गुणांच्या मापनश्रेणीत मॅक्झिमम 99 दिसला, तर उत्तर न मिळाल्याचा संकेतांक आकडा म्हणून मोजला गेला आहे. एक्सेलला असा संकेतांक आधी सांगून ठेवता येत नाही. 50 जणांपैकी 48 जणांची सरासरी 3.5 असेल आणि दोघांना 99 दिलेला असेल, तर तक्त्यात 7.32 येईल. तेवढाच कॉलम निवडून ‘फाइंड अँड रिप्लेस’ने 99 च्या जागी रिकामा सेल करा. ‘मॅच एन्टायर सेल कन्टेन्ट्स’वर टिक हवीच. वयाच्या कॉलमला याच फेऱ्यात हात लावू नका, तिथे 99 हे खरं वय असू शकतं.

माहिती दुरुस्त केल्यावर टूलपॅक पुन्हा चालवा. त्याने दिलेला तक्ता म्हणजे नुसते उतरवलेले आकडे असतात, ते आपोआप बदलत नाहीत.

काही ओळी चूक नसतानाही गोंधळात टाकतात. एकही आकडा पुन्हा आला नसेल तर ‘मोड’समोर त्रुटीचा संकेत येतो, तिथे ‘बहुलक नाही’ लिहा. ‘कॉन्फिडन्स लेव्हल’समोरचा आकडा ही सरासरीच्या विश्वास-अंतराची (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी त्याची) मर्यादा नव्हे. तो सरासरीत मिळवला की वरची मर्यादा येते, वजा केला की खालची. कर्टोसिस (वितरणाची टोकं किती जड ते सांगणारा आकडा) प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणाला 0 येईल असा काढलेला असतो. स्टाटा या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच 3 च्या आसपास दिसतो.

मार्गदर्शकांचे आणि तुमचे आकडे जुळत नसतील तर सूत्रं पडताळा. 2, 4, 4, 6, 9 यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) टूलपॅक 2.65 देतं, कारण ते 4 ने भागतं. नमुन्यासाठी नव्हे, तर संपूर्ण समष्टीसाठी असलेलं सूत्र 5 ने भागून 2.37 देतं. नमुन्यावरून अभ्यास असेल तर पहिलंच घ्या. याच आकड्यांचं पहिलं चतुर्थक (ज्याच्या खाली पाव आकडे येतात ते) ‘क्वार्टाइल’च्या इन्क्लुझिव्ह सूत्राने 4 येतं, एक्सक्लुझिव्हने 3. दोन्ही पद्धती मान्य आहेत. कोणती वापरली ते तक्त्याखाली लिहा.

गटवार तक्त्यासाठी पिव्हट टेबल (नोंदी गटांत मांडून सारांश देणारं एक्सेलचं साधन) सोयीचं आहे, पण ‘स्त्री’ आणि ‘स्री’ हे त्याच्या दृष्टीने दोन गट असतात. त्यामुळे गटांची नावं आधी फिल्टरच्या यादीत पाहून एकसारखी करा. सरासरीऐवजी संख्या दिसत असेल, तर ‘व्हॅल्यू फील्ड सेटिंग्ज’मध्ये ‘ॲव्हरेज’ निवडा. गटात एकच नोंद असेल तर प्रमाण विचलन निघत नाही, तिथे भागाकाराची त्रुटी येणारच. नेहमीच्या पिव्हटमध्ये मध्यकही मिळत नाही. त्यासाठी ‘मीडियन’मध्ये ‘इफ’ घालून सूत्र लिहावं लागतं आणि जुन्या आवृत्तीत ते कंट्रोल, शिफ्ट, एंटर एकत्र दाबून पक्कं करावं लागतं. जमिनीचे ‘5-10’ असे वर्ग टाइप केले की एक्सेल त्यांची तारीख करून टाकतं, म्हणून ‘5 ते 10’ असंच लिहा.